ग्रॅफाइटची ठेव

यंत्रांचा इतिहास सांगताना ती सुरू झाल्याचा दिवस आपण आवर्जून नोंदवतो. ती बंद पडल्यावर मागे काय उरले, हे मात्र क्वचितच विचारतो. अणुभट्टीच्या बाबतीत हा दुसरा अध्याय वगळून चालत नाही. त्या अध्यायात ग्रॅफाइट या पदार्थाचा वाटा मोठा आहे, आणि तोच आम्हांस येथे मांडावयाचा आहे.

ग्रॅफाइट म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीतला कार्बन. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे एन्रिको फर्मी आणि त्यांचे सहकारी यांनी पहिली अणुभट्टी चालवली, ती ग्रॅफाइटच्या सुमारे ४५,००० विटा रचून. न्यूट्रॉनांचा वेग मंद करणे, एवढेच तेव्हा ग्रॅफाइटचे काम होते. त्या दिवशी भट्टीची शक्ती अवघी अर्धा वॅट. ती थंडच राहिली. तेव्हा धातूंच्या वाफेचा प्रश्न उद्भवलाच नाही.

तो उद्भवला उष्णतेमुळे. युरेनियमचा अणू फुटला म्हणजे सिझियम, स्ट्राँशियम अशा धातूंचे किरणोत्सर्गी अणू जन्मास येतात. इंधन हजार अंशांच्या आसपास तापले की त्यांतील काही वाफ होऊन निसटू पाहतात. वाटेत ग्रॅफाइट असते. ते त्यांना आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवते. यालाच शास्त्रज्ञ पृष्ठशोषण म्हणतात. कोळशाचा तुकडा कपाटातील कुबट वास ओढून घेतो, तो याच गुणामुळे. परंतु सिझियमची पकड त्याहून घट्ट असते, कारण ते आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन कार्बनला देऊन टाकते. पोटॅशियम, रुबिडियम आणि सिझियम हे धातू ग्रॅफाइटच्या थरांमध्येही शिरतात आणि दर आठ कार्बन अणूंमागे एक या प्रमाणात तेथे बसू शकतात, हे जर्मनीतील फ्रेडेनहागेन व काडेनबाख यांनी १९२६ सालीच दाखवले होते.

तथापि हे धरणे म्हणजे कायमचे बंधन नव्हे. ग्रॅफाइटवरील धातू आणि भोवतालची वाफ यांत एक समतोल असतो. चांगल्या जागा भरत गेल्या म्हणजे पुढचे अणू अधिक सैल बसतात. तापमान चढले की बसलेले अणूही सुटू लागतात. सुटलेले अणू वायूबरोबर वाहत जाऊन थंड भागी पुन्हा चिकटतात. सावकाराची नव्हे, सराईची ही रीत: पाहुणा उतरतो, पण राहीलच असे नाही.

पश्चिम जर्मनीत यूलिश येथे याची कसोटी लागली. रूडोल्फ शुल्टेन यांच्या कल्पनेतून तेथे उभारलेली भट्टी १९६६ साली प्रथम पेटली. सहा सेंटिमीटर व्यासाचे सुमारे एक लक्ष ग्रॅफाइटचे गोळे, त्यांच्या पोटात इंधनाचे बारीक कण आणि त्यांमधून वाहणारा हेलियम, अशी तिची रचना होती. १९७४ पासून बाहेर पडणाऱ्या हेलियमचे तापमान ९५० अंशांपर्यंत नेण्यात आले. १९८६ साली वितळणाऱ्या तारा घातलेले गोळे आत सोडून पाहिले, तेव्हा काहींतील १२८० अंशांना वितळणारी तारही वितळलेली आढळली. भट्टीचा अंतर्भाग अपेक्षेहून बराच अधिक तापत होता!

१९८८ च्या अखेरीस भट्टी बंद झाली. मागे राहिले सिझियम आणि स्ट्राँशियम यांनी माखलेले पात्र. त्यातही अडचण धुळीची. गोळे एकमेकांवर घासून ग्रॅफाइटची भुकटी झाली होती; ज्या पदार्थाने धातूला अडवले, तोच आता त्याला अंगावर घेऊन हिंडू शकत होता. ही धूळ बसून राहावी म्हणून २००८ साली पात्रात हलके काँक्रीट भरले गेले. त्याच वर्षी यूलिशच्याच संशोधनसंस्थेतील राइनर मोरमान यांनी या दूषिततेचे खापर अतितापमानावर फोडले. इतरांनी आरंभीच्या इंधनाच्या निकृष्टपणाकडे बोट दाखवले. वाद झाला, आणि होणे इष्टच होते. २०१५ साली सुमारे २,१०० टनांचे ते पात्र जवळच्या इमारतीत हलवले गेले. किरणोत्सर्ग ओसरेपर्यंत काही दशके ते तेथे ठेवावयाचे ठरले.

सिझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे तीस वर्षांचे. भट्टी बंद झाली त्या दिवशी त्याचे जेवढे अणू होते, त्यांपैकी निम्मे २०१८ सालीही शिल्लक होते. ग्रॅफाइटने आपले काम चोख केले, यात शंका नाही. त्याने धातू धरला. पण धरून ठेवणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे, हे हिशेबात घ्यावयाचे काम माणसाचे होते. यूलिशची भट्टी एकवीस वर्षे वीज देत होती. तिची राखण त्याहून अधिक काळ चालली आहे. जे तरुण तेथे आज पहारा देतात, त्यांच्यापैकी कित्येकांचा जन्मही ती विझल्यानंतरचा असणार. नवी भट्टी बांधताना त्यांचा खर्च आणि त्यांचे श्रम पहिल्याच पानावर मांडले जावेत, एवढाच या इतिहासाचा आग्रह आहे.