कोऱ्या आकाशाची गोष्ट

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणाऱ्या इंद्रवज्राबद्दल कुठेही वाचा, एक वाक्य हमखास सापडतं: १८३५ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला ते दिसलं. पण विल्यम हेन्री साइक्स १८३१ मध्येच इंग्लंडला परतले होते. १८३५ हे त्यांचा दख्खनच्या हवामानावरचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आल्याचं साल आहे. प्रत्यक्ष दर्शन त्याआधीचं, मुंबई सरकारसाठी आकडेवारी जमवत ते दख्खन पालथं घालत होते तेव्हाचं.

निबंधातलं वर्णन मात्र फार नेमकं आहे. कोकणातून धुकं कड्याच्या धारेपर्यंत वर आलं होतं, पण पठारावर शिरत नव्हतं. साइक्स धारेवर उभे. पाठीशी क्षितिजाजवळचा मोकळा सूर्य. समोर पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मधोमध त्यांची, घोड्याची, सोबतच्या माणसांची सावली. माणसांना त्या आपल्याच सावल्या आहेत हे पटेना. हातपाय हलवून, अंग वाकडंतिकडं करून त्यांनी खात्री करून घेतली. साइक्सना हे सगळं चौकटीत बसवलेल्या चित्रासारखं वाटलं. ते धुकं जिथून वर आलं, ती कड्याखालची दरी म्हणजे आपला मुरबाड तालुका.

साइक्सनी चौकट पाहिली, पण ती पकडून ठेवायला त्यांच्याकडे शब्दच होते. फोटोग्राफीचा शोध जगाला जाहीर झाला १८३९ मध्ये. मग तरी ढगांचे फोटो निघायला लागले असतील? तर नाही. कॅमेरा आला, पण आकाश कोरंच राहिलं.

कारण केमिकलचं होतं. सुरुवातीच्या काचांवरचा चांदीच्या क्षारांचा लेप मुख्यतः निळ्या प्रकाशालाच दाद द्यायचा. निळं आकाश आणि पांढरा ढग या दोन्हींत निळा प्रकाश भरपूर. त्यामुळे काचेला दोन्ही सारखेच दिसायचे आणि कागदावर दोन्ही पांढरे उमटायचे. त्यात जमीन काळपट. जमीन दिसेल इतका वेळ काच उघडी ठेवली की आकाश पार धुऊन निघायचं.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये, बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे या सोसायटीतल्या सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक. त्या काळातले इमारतींचे, घाटांचे, माणसांचे फोटो बघा. बहुतेकांत डोक्यावर नुसता पांढरा कागद आहे. त्या वर्षांत मुंबईवर ढग आलेच नाहीत असं वाटावं!

यावर फ्रान्सच्या ग्युस्ताव ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास एक युक्ती वापरली. समुद्राची एक निगेटिव्ह, आकाशाची दुसरी. दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जोडून एकच फोटो छापायचा. लोक थक्क झाले. आज तुमच्या फोनमधलं एचडीआर हेच काम करतं. डोळ्याची पापणी लवेपर्यंत अनेक फ्रेम घेतं, अंधाऱ्या नि उजळ भागांची बेरीज करतं आणि एक फोटो हातात देतं. आम्ही कोड लिहिणारे लोक ज्याला नवीन फीचर म्हणतो, त्याचा मूळ विचार बऱ्याचदा शे-दीडशे वर्षं जुना असतो.

पुढे १८७३ मध्ये बर्लिनच्या हर्मान फोगेल यांना सापडलं की लेपात योग्य रंगद्रव्य मिसळलं तर काच हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही दाद देते. अशा काचेसमोर पिवळा फिल्टर धरला की निळं आकाश गडद होतं आणि ढग उठून दिसतो. मग १८९६ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय मेघ-ॲटलास निघाला. क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस ही नावं १८०२ मध्येच ल्यूक हॉवर्ड नावाच्या लंडनच्या एका औषध-व्यावसायिकाने सुचवली होती. आता नावासमोर फोटो आला. वेगवेगळ्या देशांतले निरीक्षक एकाच ढगाला एकच नाव देऊ लागले.

इथे ढगाच्या फोटोचा अर्थ बदलला. तोवर तो देखावा होता, आता ती नोंद झाली. आणि नोंद करायला शास्त्रज्ञच असावं लागत नाही. २०१७ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ॲटलासची नवी आवृत्ती ऑनलाइन आणली. त्यात खवळलेल्या समुद्राला खालून पाहावं तशा दिसणाऱ्या 'ॲस्पेरिटास' या प्रकाराला जागा मिळाली. त्यामागे हौशी लोकांनी काढलेले फोटो होते.

आता शहापूर-मुरबाडकडे या. वादळी ढग शिकायला ही जागा नशीबवान आहे. मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरात दुपारी जमीन तापते, समुद्राकडून दमट वारा येतो, सह्याद्रीला धडकून वर चढतो. आजोबा डोंगर, माळशेज, नाणेघाट या रांगेवर फुलकोबीसारखे गड्डे वाढू लागतात. तोच क्युम्युलोनिंबस. १२-१५ किलोमीटर उंचीवर त्याची वाढ अडते आणि माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो. संध्याकाळी तुम्ही पूर्वेला तोंड करून उभे असता, सूर्य पाठीशी, आणि सगळा उजेड ढगाच्या अंगावर. साइक्स कड्याच्या वर उभे होते, तुम्ही खाली. दिशा उलटी, पण हिशोब तोच: सूर्य मागे, ढग पुढे.

आसनगावला लोकलमधून उतरून कोणीही सुरुवात करू शकतो. फोनवर ढगाच्या सर्वांत उजळ भागावर बोट ठेवा आणि एक्स्पोजर खाली ओढा. जमीन काळी पडली तर पडू द्या. झूम नको. खाली डोंगराची कड किंवा विजेचा खांब येऊ द्या, म्हणजे ढगाचा आकार कळतो. एकाच जागेवरून दर दोन मिनिटांनी एक फोटो घ्या. तासाभरात ढगाचं पूर्ण आयुष्य हाती लागतं.

वीज मात्र घरात बसूनच टिपायची. १८८२ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम जेनिंग्ज यांनी विजेचा फोटो काढला आणि कळलं की चित्रकार काढतात तशी वीज कोनाकोनांची नसते, तिला झाडासारख्या फांद्या असतात. तुम्ही खिडकीतून व्हिडिओ लावा, नंतर त्यातली फ्रेम काढा. चमक आणि गडगडाट यांत तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. अंतर तीस सेकंदांच्या आत आलं की माळ, गड, झाडाचा आडोसा, सगळं सोडून पक्क्या घरात जायचं. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप फोनवर असू द्या. ऑक्टोबरात घाटावरचा ढग बऱ्याचदा पश्चिमेला, म्हणजे तुमच्याच दिशेने सरकतो.

आणि ऑक्टोबरात त्या ढगाखाली भात असतं. कापून शेतातच वाळत पसरलेलं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवेळी पावसाने कोकणातलं असं भात भिजवलं, त्याला कोंब फुटले. आपल्याकडे पाऊस मोजणारी स्वयंचलित यंत्रं महसूल मंडळनिहाय आहेत आणि एका मंडळात अनेक गावं. गडगडाटी ढगाचा पाऊस मात्र काही किलोमीटरांचा. यंत्रापाशी थेंब नाही आणि पलीकडच्या गावात बांध फुटलेले, असं होऊ शकतं. ढगाचा फोटो म्हणजे पंचनामा नव्हे. पण कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या डोंगरावर सर कोसळत होती, हे तो सांगू शकतो.

अट एकच, ती माहिती फोटोत टिकली पाहिजे. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि वेळ-ठिकाणाची नोंद गळून पडते. इन्स्टाग्रामवर टाकायचा तो खुशाल रंगवून टाका. मूळ फाइल मात्र न छेडता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, लोकेशन चालू ठेवा आणि नावात तीन गोष्टी लिहा: गाव, वेळ, तोंड कोणत्या दिशेला होतं. साइक्सनी धुकं कोणत्या बाजूने आलं आणि सूर्य कुठे होता हे लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ते कुठे उभे होते हे नकाशावर दाखवता येतं. दिवस मात्र लिहिला नाही, आणि चुकीचं साल अजून फिरतं आहे.