एक की दोन? पोलादाच्या एका जुन्या भांडणाची गोष्ट

पुलाची किंवा यंत्राच्या भागाची ताकद तपासणारं सॉफ्टवेअर पोलादाविषयी मुख्यतः दोनच आकडे मागतं. यंगचा गुणांक, सुमारे २०० गिगापास्कल, आणि प्वासाँचं गुणोत्तर, साधारण ०.३. मी पडलो कॉम्प्युटरवाला. आकडे भरायचे आणि पुढे जायचं. पण दोनच का? शोधलं तेव्हा कळलं, या ‘दोन’साठी युरोपातले मोठमोठे गणिती साठेक वर्षं भांडत होते!

सुरुवात रॉबर्ट हूकपासून. या गृहस्थाने १६७६ मध्ये आपला नियम चौदा अक्षरांची खिचडी करून छापला. शोध आपल्या नावावर राहावा, पण कुणाला कळू नये! १६७८ मध्ये कोडं उलगडलं: जेवढं बल, त्या प्रमाणात लांबण. बारावीला तार ताणून प्रॅक्टिकल केलेल्यांना आठवेल. पण हा नियम अख्ख्या तारेचा, अख्ख्या स्प्रिंगचा. पदार्थाच्या आत काय चाललंय, ते त्यात नव्हतं.

ते १८२२ मध्ये कोशीने मांडलं. पदार्थ आतून कापला आहे अशी कल्पना करा. कापाच्या एका बाजूचा भाग दुसऱ्याला दर क्षेत्रफळामागे जेवढ्या बलाने ओढतो किंवा ढकलतो, ते प्रतिबल, म्हणजे आपला स्ट्रेस. स्थिर पाण्यात हा दाब कापाला नेहमी काटकोनात असतो. घन पदार्थात तो तिरकाही असतो. म्हणून एका आकड्यात भागत नाही, सहा लागतात. विकृतीचे, म्हणजे स्ट्रेनचेही सहा. आता या सहांना त्या सहांशी जोडणारे स्थिरांक किती?

इथे ठिणगी पडली. पदार्थ म्हणजे एकमेकांना जोडरेषेतच ओढणारे-ढकलणारे कण, असं मानून नाव्हिए या पुलांच्या इंजिनिअरने १८२१ मध्येच गणित केलं होतं. त्यानुसार सर्व दिशांना सारख्या पदार्थाला एकच स्थिरांक पुरे. त्याच वाटेने प्वासाँने सांगितलं, की तार ज्या प्रमाणात लांबते, त्याच्या एक चतुर्थांश प्रमाणात बारीक होते. मग धातू कोणताही असो.

विरोधात उभा राहिला जॉर्ज ग्रीन, नॉटिंगहॅमचा पवनचक्कीवाला. शाळा जेमतेम वर्षभर, केंब्रिजला दाखल चाळिसाव्या वर्षी! १८३९ मध्ये छापलेल्या, खरं तर प्रकाशावरच्या, लेखात त्याने कण बाजूलाच ठेवले. ताणलेल्या पदार्थात ऊर्जा साठते, एवढंच धरलं. उत्तर आलं २१ स्थिरांक, आणि सर्व दिशांना सारख्या पदार्थाला दोन. कणवाल्यांचा हिशेब होता १५ आणि एक. (ग्रीनची पवनचक्की अजून उभी आहे. तिकडे गेलात तर मुलांना जरूर दाखवा.)

मग मोजणी झाली. १८४८ मध्ये वर्टहाइमला काच आणि पितळेत एक तृतीयांशाजवळचं गुणोत्तर मिळालं. गंमत अशी, की त्याने तोच आकडा सगळ्यांना लावायचं सुचवलं! कणवाले म्हणाले, धातू सर्व दिशांना सारखे असतातच कुठे? आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. म्हणून जर्मनीत फोख्टने स्फटिकांतून वेगवेगळ्या दिशांनी बारीक पट्ट्या कापल्या, त्या वाकवून आणि पिळून मोजल्या. १८८७ ते १८८९ च्या सुमारास निकाल लागला: कणवाल्यांची समीकरणं जुळत नाहीत. त्यांचा शेवटपर्यंतचा कैवारी साँ-व्हनाँ १८८६ मध्येच वारला होता.

आज रबराचं गुणोत्तर जवळजवळ ०.५ धरतात आणि बाटलीच्या बुचाचं शून्याजवळ. म्हणूनच बूच दाबताना फुगत नाही आणि बाटलीच्या तोंडात सरळ आत जातं.