बटाट्याची सुकी भाजी : आपल्या वयाला मानवेल अशी

बटाट्याची सुकी भाजी कोणाला येत नाही? पण सत्तरीनंतर ती थोडी सांभाळून करावी लागते. मी नर्स होते, म्हणून कृतीबरोबर तब्येतीचंही सांगते.

कोकणात आपले वाडवडील तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ही भाजीही तेलातच करावी, तुपात नको. म्हणजे ती मटणाबरोबर चालते आणि दह्याबरोबरही.

साहित्य (चौघांसाठी) : ४ मध्यम बटाटे, २ मोठे चमचे तेल, अर्धा चमचा मोहरी, अर्धा चमचा जिरं, चिमूटभर हिंग, पाव चमचा हळद, २ हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, कोथिंबीर, लिंबू, मीठ.

इथे शॉमबर्गला रसेट जातीचा मोठा बटाटा मिळतो, पण तो भुसभुशीत असतो, लगेच फुटतो. भाजीला लाल सालीचा घ्यावा.

कृती : बटाटे उकडून, सोलून फोडी कराव्यात. तेल तापवून मोहरी तडतडू द्यावी. मग जिरं, हिंग, मिरची, कढीपत्ता, हळद घालावी. फोडी व मीठ घालून ५ मिनिटं परतावं. वरून लिंबू, कोथिंबीर.

किडनीचा त्रास असेल तर : साधारण १५० ग्रॅमच्या बटाट्यात ६०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. किडनी अधू असली की ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून बटाटा आधी सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळावा आणि ते पाणी फेकून द्यावं. जवळपास निम्मं पोटॅशियम निघून जातं. नुसतं भिजवून तेवढा फरक पडत नाही. बीपीसाठी कमी सोडियमचं मीठ आणता ना? त्यात बहुतेक वेळा पोटॅशियमच असतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

डायबेटिस असेल तर : बटाटा म्हणजे भातासारखाच पिष्टमय. भाजी वाढली की भात किंवा पोळी कमी करावी.

शब्बाथसाठी : शुक्रवारी केलेली भाजी २ तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावी.

पेसाहसाठी : डबीतल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं. लेबल वाचा, नाहीतर हिंग गाळा. भाजी तशीही छान लागते.