सॉफ्टवेअर-मानकांतील परिभाषा

संगणकीय आज्ञावलींची रचना, चाचणी व देखभाल यांविषयीच्या मानकांत येणाऱ्या संज्ञांचे निश्चित केलेले अर्थ, म्हणजे सॉफ्टवेअर-मानकांतील परिभाषा होय. मानक हा बहुधा कराराचा आधार असल्याने त्यातील शब्दाचा अर्थ देणाऱ्याने व घेणाऱ्याने सारखाच लावणे आवश्यक असते.

नाटो संघटनेच्या विज्ञान समितीने ऑक्टोबर १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे भरविलेल्या परिषदेमुळे ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हे नाव रूढ झाले. या शाखेतील शब्द मात्र गणित, विद्युत् अभियांत्रिकी व संगणककक्षांतील बोली अशा निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले होते. अमेरिकेतील ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संस्थेने १९८३ मध्ये या विषयाचा परिभाषाकोश मानक म्हणून (क्र. ७२९) प्रसिद्ध केला व १९९० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती (क्र. ६१०·१२) काढली.

या आवृत्तीत ‘एरर’ या एकाच शब्दाखाली चार अर्थ नोंदविलेले आढळतात. त्यांतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. व्याजाची आज्ञावली लिहिणारा लीप वर्षाचा नियम विसरला, ही माणसाची चूक (मिस्टेक). त्यामुळे आज्ञावलीत राहिलेली सदोष पायरी, हा दोष (फॉल्ट). मोजलेले व खरे दिवस यांत पडलेला एका दिवसाचा फरक, ही त्रुटी (एरर) आणि खातेदारास मिळालेली चुकीची रक्कम, हे अपयश (फेल्युअर). हा भेद केवळ शाब्दिक नाही. एका दोषातून शेकडो अपयशे उद्‌भवू शकतात, तर कित्येक दोष कधीच उघडकीस येत नाहीत. म्हणून काय मोजावयाचे हे न ठरविता केलेला विश्वसनीयतेचा करार निरर्थक ठरतो. कोशाने ही विभागणी सुचविली खरी. पण रूढ अर्थही जवळ ठेवल्याने संदिग्धता पुरती गेली नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ झां-क्लोद लाप्री यांनी १९९२ मध्ये पाच भाषांत प्रसिद्ध केलेल्या परिभाषेत तर ‘एरर’ म्हणजे दोषामुळे प्रणालीस आलेली अशी अवस्था, की जिच्यातून पुढे अपयश उद्‌भवू शकते.

अर्थ न सांगितलेली संज्ञा किती घातक ठरते, हे थेरॅक-२५ या प्रारणोपचार यंत्राच्या अपघातांवरून दिसते. १९८५–८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना प्रारणाच्या अतिरिक्त मात्रा मिळाल्या व त्यांतील काही दगावले. सदोष आज्ञावली आणि काढून टाकलेली यांत्रिक सुरक्षा-साधने ही त्यांची मुख्य कारणे होती. तथापि मार्च १९८६ मध्ये टेक्सस राज्यातील टायलर येथे पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढीच अक्षरे उमटली. सोबतच्या कागदपत्रांत ‘डोस इनपुट २’ यापलीकडे खुलासा नव्हता. मात्रा फार जास्त किंवा फार कमी गेली, असा त्याचा अर्थ होता. तो चालिकेस ठाऊक असण्याचा मार्गच नव्हता. तिने उपचार पुढे चालू ठेवण्याची कळ दाबली व रुग्णास दुसरा आघात बसला. वैद्यकीय सॉफ्टवेअरविषयीचे आयईसी ६२३०४ हे मानक २००६ मध्ये निघाले. त्याच्या आरंभीच्या भागात संज्ञांच्या व्याख्या दिलेल्या आहेत.

आयएसओ, आयईसी व आयईईई यांचा संयुक्त शब्दसंग्रह (क्र. २४७६५) २०१० मध्ये व त्याची दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये निघाली. तीत निरनिराळ्या मानकांतील व्याख्या त्यांच्या मूळ मानकाच्या उल्लेखासह एकाखाली एक दिलेल्या आहेत. त्यांपैकी कोणती लागू करावयाची, हे करार करणाऱ्यांनाच ठरवावे लागते.