चित्राखालचे चित्र

तैलचित्राच्या दिसणाऱ्या थराखाली दडलेली आधीची आकृती. ती कधी चित्रकारानेच विचार बदलून झाकलेली असते (हिला ‘पेंटिमेंटो’ म्हणतात), तर कधी पुढच्या काळातल्या दुसऱ्याच कोणी. पहिली चित्रकाराच्या काळाची साक्ष देते, दुसरी झाकणाऱ्याच्या.

तैलरंग जुना होता होता पारदर्शक होतो, त्यामुळे झाकलेली कड कधी आपोआप वर येते. एरवी क्ष-किरण व अवरक्त किरण लागतात. रंगातील शिसे, पारा अशा मूलद्रव्यांचा नकाशा काढणारी यंत्रेही आता आहेत.

झाक-लुई दाव्हिदने १७८८ मध्ये रंगवलेले रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लॅव्हाझिए व पत्नी मारी-आन यांचे चित्र या बाबतीत फार बोलके आहे. तिचा साधा पांढरा पोशाख, त्याचा काळा कोट, टेबलावर काचेची उपकरणे : विज्ञानाला वाहून घेतलेले जोडपे म्हणूनच ते ओळखले गेले. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यावरचे खराब वॉर्निश काढताना मारी-आनच्या डोक्यापाशी लालसर छटा जाणवल्या. शिसे आणि पाऱ्याच्या नकाशांतून तिथे रिबिनी-फुलांनी मढलेली भलीमोठी टोपी उभी राहिली, १७८७च्या सुमारास पॅरिसमध्ये निघालेल्या फॅशनची. उपकरणे मुळात नव्हतीच, आणि आता लाल कापडाखाली गेलेल्या टेबलाची सोनेरी सजावट उघडी होती. थोडक्यात, दाव्हिदने आधी रंगवले होते ते कर गोळा करण्याच्या मक्त्यावर गब्बर झालेले घर. लॅव्हाझिएचा पैसा खरोखरच तिथून येई; १७९४ मध्ये याच मक्तेदारीपायी तो गिलोटिनखाली गेला. तरी हा बदल क्रांतीच्या धास्तीने केला, असे म्हणण्याचा मोह आवरावा. चित्रावर साल १७८८ आहे. क्रांती पुढच्या वर्षीची.

परक्या हातांची कहाणी वेगळी. हेंड्रिक फान आंथोनिसनच्या स्खेव्हेनिंगेन किनाऱ्यावरच्या चित्रात (सु. १६४१) लोक हिवाळ्यात वाळूवर उगाच का जमलेत, ते कळत नसे. २०१४ मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात वरचा रंग काढल्यावर मेलेला देवमासा सापडला. सतराव्या शतकातल्या डचांना तो पाहण्याजोगा वाटला होता. नंतरच्या कोणा मालकाला दिवाणखान्यात बहुधा नकोसा झाला.

ड्रेस्डेनमधल्या व्हर्मीरच्या पत्र वाचणाऱ्या मुलीमागच्या भिंतीत कामदेव आहे, हे १९७९ मध्येच क्ष-किरणांनी दाखवले होते. तो व्हर्मीरनेच झाकला, असे चार दशके मानले गेले. मग कामदेव आणि वरचा रंग यांच्यामध्ये जुने वॉर्निश व मळाचा थर सापडला, म्हणजे झाकण्याआधी चित्र अनेक वर्षे भिंतीवर टांगलेले होते. २०२१ पासून ते कामदेवासह मांडले आहे.