एका ‘जर’चे उत्तर

इतिहासात ‘जर-तर’ला जागा नसते, असे आपण नेहमी ऐकतो. पण मित्रहो, कधीकधी इतिहासच एखाद्या शहरात ‘जर’ मांडून दाखवतो. महायुद्धानंतरच्या बर्लिनमध्ये तसे घडले.

१९४५ च्या जूनमध्ये सोव्हिएत लष्करी प्रशासनाने पूर्व जर्मनीत पक्ष काढण्यास परवानगी दिली. कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट, ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि लिबरल असे चार पक्ष उभे राहिले. डाव्यांच्या भांडणात हिटलरचे फावले, ही सल अनेकांच्या मनात खरीखुरी होती. एकीची हाक त्यातूनच आली. एप्रिल १९४६ मध्ये कम्युनिस्टांचे विल्हेल्म पीक आणि सोशल डेमोक्रॅटांचे ओटो ग्रोटेवोल यांनी व्यासपीठावर हात मिळवले आणि ‘समाजवादी ऐक्य पक्ष’ जन्मला. ते हस्तांदोलनच पक्षाचे बोधचिन्ह झाले.

पण हात मिळाले तरी मने मिळाली होती का? त्याआधी मार्चमध्ये बर्लिनच्या पश्चिम विभागांतील सोशल डेमोक्रॅट सदस्यांनी मतदान केले, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक मते तातडीच्या विलीनीकरणाविरुद्ध पडली. सोव्हिएत विभागात हे मतदान पार पडू दिले गेले नाही.

हे विलीनीकरण झालेच नसते तर? पूर्व जर्मनीत इतरत्र जुना पक्ष उरला नव्हता. बर्लिनवर मात्र चार राष्ट्रांचा ताबा होता, म्हणून तिथे दोन्ही पक्ष समोरासमोर उभे राहिले. २० ऑक्टोबर १९४६ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटांना ४८.७ टक्के मते मिळाली, ऐक्य पक्षाला १९.८. ‘जर’चे उत्तर मतपेटीतून आले.

सत्ताधाऱ्यांनी त्यातून वेगळाच धडा घेतला. इतर पक्ष त्यांनी बंद केले नाहीत; ते पाळले. १९४८ मध्ये शेतकऱ्यांचा आणि राष्ट्रवादी विचारांच्या लोकांचा असे आणखी दोन पक्ष निघाले. १९५० पासून सर्वांची मिळून एकच यादी आणि जागा आधीच वाटलेल्या. १९८६ च्या ५०० जणांच्या संसदेत ऐक्य पक्षाच्या १२७ जागा होत्या, चार मित्रपक्षांच्या प्रत्येकी ५२. उरलेल्या कामगार, महिला, युवक अशा संघटनांच्या. त्यांचे बहुतेक सभासद पुन्हा ऐक्य पक्षाचेच! मतदार कागद घेई, घडी घाली, पेटीत टाकी. लोक मतदानाला ‘कागदाची घडी घालणे’ म्हणत. पडद्याआड जाणारा माणूस नजरेत भरे.

या संसदेत १९८९ पूर्वी एकदाच विरोधी मते पडली. १९७२ मध्ये गर्भपाताच्या कायद्यावर ख्रिश्चन डेमोक्रॅटांच्या १४ सदस्यांनी ‘नाही’ म्हटले. कायदा संमत झालाच. पण एवढ्या वर्षांच्या ‘हो’मध्ये ते १४ हात अजून दिसतात.

मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकांत ९८.८५ टक्के होकार जाहीर झाला. या वेळी मात्र चर्चच्या आश्रयाने जमलेले नागरिक मोजणीला जाऊन बसले होते. त्यांचे आकडे जुळेनात. त्याच वर्षी भिंत कोसळली. १८ मार्च १९९० च्या पहिल्या खुल्या निवडणुकीत ९३ टक्क्यांवर मतदान झाले आणि ऐक्य पक्षाच्या वारस पक्षाला १६.४ टक्के मते मिळाली. १९४६ चे बर्लिन जे बोलले होते, तेच ४४ वर्षांनी साऱ्या पूर्व जर्मनीने सांगितले.

म्हणून एखाद्या देशात पक्ष किती, हे मोजून भागत नाही. सत्तेवरचा पक्ष तिथे हरू शकतो का, हे विचारावे लागते.