डेल्कोचं टोपण

गडहिंग्लजहून आजऱ्यामार्गे आंबोलीकडे निघालं, की पाऊस वाढत जातो. गडहिंग्लजला उघडीप, आजऱ्याला भुरभुर आणि आंबोलीत समोरचा रस्ता दिसत नाही. लहानपणी याच वाटेवर आमची जुनी फियाट बंद पडली. सावंतवाडीला आजी अत्यवस्थ होती. टाकीत पेट्रोल होतं, बॅटरी नवी होती. पण इंजिन नुसतंच फिरायचं, पेटायचं नाही. आजऱ्याचे एक मिस्त्री आले. त्यांनी डेल्कोचं टोपण काढून आतून कोरड्या फडक्यानं पुसलं, प्लगच्या वायरी पुसल्या आणि गाडी सुरू झाली. आजीची भेट झाली. तीच शेवटची.

प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या भागाला आपले मिस्त्री ‘डेल्को’ म्हणतात. हे खरं तर एका कंपनीचं नाव. 1909 साली चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी अमेरिकेतल्या डेटन शहरात ती काढली. बॅटरीवर ठिणगी पाडणारी तिची यंत्रणा आधी कॅडिलॅक मोटारीत बसली आणि पुढे जगभर पसरली. कंपनीचं नाव आपल्याकडे त्या भागालाच चिकटलं.

बॅटरीचे सहा किंवा बारा व्होल्ट कॉइलमध्ये हजारो व्होल्ट होतात. एवढा दाब असलेला करंट सोपी वाट शोधतो. टोपणावरची धूळ ओलावली, की तो तिथूनच निसटतो आणि प्लगपर्यंत पोचत नाही. जुन्या वायरींना रबर आणि वरून सुती वेष्टण असे. इंजिनच्या उष्णतेनं रबर तडकायचं, सूत पाणी धरायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकचं वेष्टण रुळलं. 1953 साली सॅन डिएगोत क्षेपणास्त्रांचा गंज टाळण्यासाठी पाणी हटवणारं एक द्रव्य तयार झालं. चाळिसाव्या प्रयत्नात ते जमलं, म्हणून नाव ‘डब्ल्यूडी-40’. आज ते गॅरेजमध्ये सर्रास दिसतं.

जुनी गाडी जपणाऱ्यांची खरी अडचण वेगळीच. अशी गाडी महिनोन् महिने उभी असते आणि ओल उभ्या गाडीत मुरते. मूळ रूप हवं म्हणून अनेकजण सुती वायरीच ठेवतात. आता वरून सूत आणि आत प्लास्टिक अशा वायरी मिळतात, त्या घालाव्यात. पावसाळ्याआधी टोपणाला बारीक तडा नाही ना, हे पाहावं. फवारा मारलाच, तर इंजिन थंड आणि बंद असताना. तो पेट घेतो.

आणि डिकीत एक कोरडं फडकं असू द्यावं. माझ्या गाडीत ते आजही असतं.